नावापुढचा टॅग

"तू त्या कार्डवाल्यांच्या ग्रुपात पडलेला असतोस ना?" साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, तेव्हा मला वाटलं आता बोलणी बसणार. ऑफिसच्या वेळात मी तिथे असायचोच, नाही म्हणायची सोय नव्हती. साहेब म्हणाले, "मग उद्यापासून ऑफिशियली रहा."

अशी माझी नेमणूक झाली. साल २०२१. कंपनी कॉम्प्युटरचे मदरबोर्ड आणि स्क्रीनवर चित्र उमटवणारी ग्राफिक्स कार्डं बनवणारी, मुख्य कचेरी तैपेईला, अंधेरीला आम्ही वीस-बावीस माणसं. मी टेक्निकल सपोर्टला. तो ग्रुप म्हणजे देशभरातल्या हार्डवेअरवेड्यांचा ऑनलाइन कट्टा. कोणी बंगळूरचा कॉलेजकुमार, कोणी इंदूरचा डॉक्टर, कोणी नाशिकचा वर्कशॉपवाला. बोलणं हिंदी-इंग्रजीच्या भेळीत, मराठी माणसं एकमेकांना सापडली की मराठीत. मी तिथे सहा वर्षं होतो, टोपणनावाने. कॉम्प्युटरच्या कोणत्या कॅबिनेटला हवा नीट खेळते, कोणता एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, दोन वर्षांत मान टाकतो, चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी घालायची की फुलीसारखी, यावर रात्री दोनपर्यंत भांडलेलो. लॅमिंग्टन रोडला कोणत्या दुकानात बिलाशिवाय स्वस्त मिळतं हेही बिनदिक्कत सांगितलेलं. आणि आमच्याच कंपनीच्या एका बोर्डाला मी तिथे 'डबडं' म्हटलं होतं. तेव्हा मी या नोकरीत नव्हतो. पण लिहिलेलं राहतं.

नावापुढचा कंपनीचा अधिकृत टॅग मिळवणं मला वाटलं तेवढं सोपं नव्हतं. ॲडमिन पुण्याचा, मला चांगला ओळखणारा, तरी त्याने ओळख खुंटीला टांगली. कंपनीच्या मेलवरून पत्र पाठव, म्हणाला. पत्रात हुद्दा, वरिष्ठाचं नाव, आणि तू बोललास ते कंपनी निस्तरेल का, याचं उत्तर. मग अटी सांगितल्या. टोपणनाव सोडायचं, खऱ्या नावापुढे कंपनीचं नाव लागेल. विकायचं काही नाही. कुणाला आपणहून खासगी मेसेज करायचा नाही, त्याने केला तरच उत्तर द्यायचं. दुसऱ्या कंपनीच्या मालावर, बरं किंवा वाईट, अवाक्षर काढायचं नाही. शेवटची अट ऐकून मी हसलो. सहा वर्षं मी तिथे दुसरं केलं काय होतं?

पहिल्या दिवशी सकाळी मी 'नमस्कार, मी आता कंपनीतर्फे इथे असेन' असं लिहिलं आणि चहा आणायला गेलो. परत येईपर्यंत चाळीस मेसेज. त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे, कार्डाचा भाव कधी उतरणार. तो काळच तसा होता. एनव्हिडियाच्या ज्या आरटीएक्स ३०८० कार्डाची भारतातली जाहीर किंमत ७१,००० रुपये होती ते बाजारात लाखाच्या वर होतं, तेही मिळालं तर. चिपा नाहीत, कंटेनर नाहीत, आणि जी कार्डं येतात ती इथरियम हे आभासी चलन 'खणायला' जातात. यातलं मला जे ठाऊक होतं त्यातलं बरंचसं बोलायला बंदी होती, आणि जे बोलायला परवानगी होती ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

कंपनीने मला उत्तरांची एक फाइल दिली होती. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया सिरियल नंबर मेसेज करा.' 'आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे.' पहिला आठवडाभर मी ती इमानदारीत चिकटवत होतो. आठव्या दिवशी एकाने लिहिलं, "पोपट आला." दुसऱ्याने हिरव्या पोपटाचं चित्र टाकलं. मग कुणीही माझ्याशी बोलायचं झालं की आधी पोपट टाकायचा. बायकोला दाखवलं, तीही हसली. म्हणाली, "खोटं काय आहे त्यात?"

पोपट गेला तो त्या जुन्या 'डबड्या'मुळे. कुणीतरी तीन वर्षांपूर्वीचं माझं वाक्य शोधून काढलं आणि चौकटीत टाकलं, 'कंपनीचे प्रतिनिधी स्वतः काय म्हणतात पाहा'. टोपणनाव बदललं तरी खातं तेच होतं, हे मी विसरलो होतो. अर्ध्या तासात साहेबांचा फोन. खोडून टाक म्हणाले. मी हात खोडण्याच्या बटणापर्यंत नेलाही होता. पण मी त्याच कट्ट्यावर सहा वर्षं बसलेला माणूस, खोडलं की काय होतं ते मला माहीत होतं. मी लिहिलं, 'मीच म्हटलं होतं. खोडणार नाही.' बस. त्या बोर्डाबद्दल पुढे एक शब्द नाही, कारण आता मी पगार घेत होतो. पोपटाचं चित्र त्यानंतर कुणी टाकलं नाही.

ऑक्टोबरात गंजाचं प्रकरण आलं, आणि माझं खरं काम तिथून सुरू झालं.

मालवणचा एक सभासद. तारकर्लीला स्कूबा करायला येणाऱ्या पर्यटकांचे पाण्याखालचे व्हिडिओ एडिट करून देणं हा त्याचा धंदा. चौदा महिन्यांपूर्वी आमचं कार्ड घेतलेलं, वॉरंटी तीन वर्षांची. दिवाळीचा सीझन तोंडावर असताना कार्ड मेलं, स्क्रीन काळी. हा पहाटेची एसटी धरून घाट चढून कोल्हापूरला सर्व्हिस सेंटरात गेला. तिथल्या पोराने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि काउंटरवर परत ठेवलं. कागदावर लिहिलं, 'ग्राहकाकडून नुकसान, गंज.' वॉरंटी नाही.

त्याने फोटो टाकला. कार्डाच्या टोकाला जी लोखंडी पट्टी असते, कॅबिनेटच्या मागच्या खिडकीत बसते ती, तिच्या कडेला तांबूस रेघ. एका स्क्रूचं डोकं तपकिरी झालेलं. खाली लिहिलं होतं, "आमच्याकडे लोखंडी गेट दोन पावसांत गंजता, थंय या पट्टीचा काय घेऊन बसल्यात तुमी?"

मी फाइलमधलं उत्तर शोधलं नाही, एवढं शहाणपण तोवर आलं होतं. फक्त विचारलं, आणखी कुणाला असं परत पाठवलंय का? दोन दिवसांत अलिबाग, रत्नागिरी, वास्को, कोची, विशाखापट्टणम. अकरा फोटो जमले. मी ते रात्री घरी लॅपटॉपवर एकाखाली एक लावले तेव्हा हसूच आलं. अकराही पट्ट्या एकाच जागी गंजलेल्या. कडेला, आणि हवेसाठी जी भोकं पाडलेली असतात त्यांच्या काठावर. सपाट भाग बहुतेक स्वच्छ. याचं कारण कळायला इंजिनियर लागत नाही. पट्टी मुलामा दिलेल्या पत्र्यातून ठोकून कापली की कापलेल्या कडेवर मुलामा राहत नाही, लोखंड उघडं पडतं. खाऱ्या हवेला तेवढी रेघ पुरते. म्हणजे गिऱ्हाइकाने काही सांडलं नव्हतं, पाण्यात बुडवलं नव्हतं. त्याचा गुन्हा एवढाच की तो समुद्राकाठी राहत होता.

मालवणच्या माणसाला म्हटलं, कार्ड अंधेरीला माझ्या नावाने पाठवा. खरं तर असं करायची पद्धत नव्हती. कुरियरचा खोका उघडला तर आत कार्ड बायकोच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. मी पंखे काढले, उष्णता ओढून घेणारा हीटसिंक उचलला. आतली सर्किटची प्लेट नवीकोरी. स्लॉटमध्ये बसतात ते सोनेरी दात पिवळेधमक, एकाही भागाच्या पायाला हिरवा-पांढरा क्षार नाही. बारा व्होल्टच्या रेषेवर मल्टिमीटर लावला तर तो किंचाळत राहिला, सरळ शॉर्ट. एक मॉसफेट, वीज चालूबंद करणारा बारीक भाग, गेला होता. हे कार्ड लातूरला असतं तरी गेलं असतं. गंजाचा आणि मरणाचा काही संबंध नव्हता.

आता खरी मारामारी ऑफिसात. नियमपुस्तकात वाक्य होतं, 'कोणत्याही प्रकारचा गंज आढळल्यास वॉरंटी रद्द.' ते बदलायचं म्हणजे तैपेईची मंजुरी. तैपेई आपल्या अडीच तास पुढे. मी दहाला ऑफिसात पोचायचो तेव्हा तिकडे साडेबारा, जेवायची सुट्टी. ते जेवून येईपर्यंत मी मीटिंगमध्ये. मी जेवून येईपर्यंत ते घरी निघण्याच्या बेतात. एका प्रश्नाला एक दिवस, कधी दोन. साहेबांचा सूर वेगळाच होता, "अकरा माणसं म्हणजे किती रे? आपण महिन्याला किती कार्डं विकतो?"

तेव्हा मी त्यांना जीटीएक्स ९७०ची गोष्ट सांगितली. एनव्हिडियाचं हे कार्ड सप्टेंबर २०१४मध्ये आलं, चार जीबी मेमरीचं म्हणून. घरी बसून चाचण्या करणाऱ्या हौशी लोकांच्या लक्षात आलं की साडेतीन जीबीच्या पुढे काहीतरी अडतंय. जानेवारी २०१५मध्ये कंपनीला मान्य करावं लागलं की शेवटचा अर्धा जीबी वेगळ्या, सावकाश वाटेने जातो, आणि परीक्षकांना आधी दिलेले आकडेही चुकीचे होते. चित्राचे ठिपके उतरवणारे आरओपी ६४ सांगितले ते ५६, चिपमधली झटपट मेमरी, एल-टू कॅश, २ एमबी सांगितली ती पावणेदोन. अमेरिकेत खटला, २०१६मध्ये तडजोड, कार्डामागे ३० डॉलर. हे कुणी शोधलं? अशाच माणसांनी, साहेब, ज्यांना तुम्ही अकरा म्हणताय. साहेब गप्प बसले. पटले की कंटाळले, अजून सांगता येत नाही.

फेब्रुवारीत चिनी नववर्षाची सुट्टी आली आणि सगळं थिजलं. इकडे ग्रुपात रोज विचारणा. मी रोज एकच लिहायचो, 'अजून नाही. तैपेईला सुट्टी आहे.' गंमत म्हणजे या रटाळ उत्तरावर कुणी चिडलं नाही. चिडायचे ते मी दोन दिवस गप्प बसलो की.

मार्च २०२२मध्ये परिपत्रक निघालं. पट्टी, स्क्रू आणि पोर्टची कवचं यांवरचा गंज हे वॉरंटी नाकारायचं कारण धरू नये; प्लेटवर किंवा भागांच्या पायांवर क्षार असेल तरच नाकारावी. दीड ओळ. पाच महिने. अकरापैकी आठ जणांना कार्ड बदलून मिळालं. उरलेल्या तिघांच्या प्लेटवर क्षार पोचलेला होता, त्यांना मी फोन करून नाही सांगितलं. वास्कोच्या माणसाने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचंही चूक नव्हतं. पट्टीपासून सुरू झालेला गंज प्लेटपर्यंत कोणत्या दिवशी गेला, हे त्याने कुठून पाहायचं?

या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू हातातून जात होती. कोणी विचारलं, '५५० वॉटचा एसएमपीएस कोणता घेऊ', तर उत्तर माझ्या जिभेवर असायचं आणि मी गिळायचो. चांगला एसएमपीएस आमची कंपनी बनवत नव्हती. एकदा दुसऱ्या कंपनीवरच्या विनोदाला मी चुकून अंगठा दिला. विनोद खरोखरच चांगला होता. पाच मिनिटांत त्या कंपनीच्या प्रतिनिधीचा मेसेज, "भावा, हे बरं नव्हे." मी अंगठा काढला. त्याचीही गत माझ्यासारखीच, तोही आधी ग्रुपातला साधा सभासद. पुढे आम्ही ग्रँट रोड स्टेशनबाहेर कटिंग प्यायला भेटायचो आणि एकमेकांच्या कंपन्यांबद्दल मनमोकळं बोलायचो, कारण दुसरीकडे कुठेच बोलता येत नव्हतं.

मग नोव्हेंबर २०२२. आरटीएक्स ४०९० ऑक्टोबरात बाजारात आलं होतं आणि महिना संपायच्या आत त्याचा नवा बारीक पॉवर प्लग वितळल्याचे फोटो फिरायला लागले. एनव्हिडियाने नोव्हेंबरात सांगितलं की जगभरात अशी साधारण पन्नास प्रकरणं आहेत, आणि प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यात दिसणारं एक मोठं कारण. पण दीड लाखाच्या वरची वस्तू घेणाऱ्याच्या पोटात पन्नास आकड्यानेही गोळा येतोच. ग्रुपात एकच विषय. आमच्या मार्केटिंगला वाटलं, वातावरण जरा गोड करावं. ऑफिसातल्या पाच जणांनी सभासद व्हायचं आणि लिहायचं, 'माझं मस्त चाललंय, काही गरम होत नाही.'

मी साहेबांना सांगितलं की हे करू नका. २०१३मध्ये तैवानच्याच व्यापार आयोगाने सॅमसंगला १ कोटी तैवानी डॉलर दंड केला होता, विद्यार्थ्यांना पैसे देऊन एचटीसीची निंदा आणि स्वतःची स्तुती लिहवून घेतल्याबद्दल. आपली मुख्य कचेरी त्याच शहरात आहे, त्यांना विचारा. आपल्याकडेही जाहिरात परिषदेची २०२१ची नियमावली आहे, केंद्राची जून २०२२ची आहे, कंपनीशी नातं असेल तर ते उघड सांगायचं. त्याच नोव्हेंबरात ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० मानक आलं होतं, ऐच्छिक का होईना. साहेब म्हणाले, "कोण बघतंय?"

ॲडमिन बघत होता. पाच खाती, सगळी दुपारी तीन ते सव्वातीनच्या दरम्यान उघडलेली, सगळी एकाच इंटरनेट पत्त्यावरून. आणि तोच पत्ता माझ्या खात्याचा. रात्री त्याने मला फोन केला. पहिलं वाक्य एवढंच, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. नको म्हणून सांगितलं होतं, पण माहीत होतं. तो म्हणाला, "मग मला का नाही सांगितलंस?" यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचत नाही. पगार देणाऱ्याची चहाडी करायची की मित्राच्या घरात चोर शिरताना बघत राहायचं, यातलं दुसरं मी केलं होतं.

टॅग महिनाभर बंद. जाहीर खुलासा द्यायचा होता. वकिलांनी सव्वाशे शब्दांचा मसुदा पाठवला. 'काही व्यक्तींनी वैयक्तिक उत्साहापोटी' वगैरे. त्यात 'आमचे' हा शब्द कुठेही नव्हता. मी तीनदा वाचला आणि बंद केला. लिहिलं, 'ती पाच खाती आमच्या ऑफिसातली. मला आधी माहीत होतं. चूक आमची.' दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो. परवानगीशिवाय जाहीर निवेदन. मेमो योग्यच होता, मी सही करून परत दिला.

महिन्याने टॅग परत आला, पण माझं मन लागेना. फेब्रुवारी २०२३मध्ये मी नोकरी सोडली. यामुळेच सोडली असं नाही. ठाण्याला घराजवळ काम मिळालं आणि अंधेरीची लोकल सुटली, हे कारण जास्त खरं. माझ्या जागी एक मुलगी आली, चुणचुणीत. तिला मी उत्तरांची फाइल दिली आणि ती उघडू नकोस असंही सांगितलं. गंजाचे अकरा फोटो दिले. परिपत्रकाची प्रत दिली, कारण कोल्हापूरचं सर्व्हिस सेंटर ते अधूनमधून विसरतं.

ॲडमिनला मेल टाकली, टॅग काढ. त्याने काढला, वर लिहिलं, 'सहा महिने कंपनीच्या मालाबद्दल बोलताना आधी तिथे होतो हे सांगायचं.' सहा महिने काय, मी अजूनही सांगतो. जुनं टोपणनाव परत मागितलं तर ते मधल्या काळात दुसऱ्याच कुणीतरी घेतलेलं. मग खऱ्या नावानेच राहिलो.

त्याच आठवड्यात मालवणहून एक फोटो आला. बदलून मिळालेलं कार्ड, वॉरंटीचे अजून सहा महिने शिल्लक. पट्टीची कड उन्हात काचेसारखी चमकत होती, गंजाचा ठिपका नाही. मी जवळ नेऊन पाहिलं तर कडेला, प्रत्येक भोकाच्या काठाला, स्क्रूच्या डोक्यावर, बारीक ब्रशने काहीतरी पारदर्शक फिरवलेलं होतं. एका ठिकाणी ओघळ आलेला.

"नेलपॉलिश," त्याने लिहिलं. "बायकोचा आसा. ह्येना वॉरंटी जायत काय रे?"

दीड वर्षात त्याने मला पहिल्यांदाच 'रे' म्हटलं होतं. मी लिहिलं, "माका काय विचारतंस? टॅगवाल्याक विचार."